साहेबांच्या आप्पांसाठी दोन मिनिटं

कप आधी खाली ठेवा. नाय, ठेवाच! मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या मेव्हण्याला ठसका लागला, त्याच्या पांढऱ्या शर्टाचं वाटोळं झालं आणि तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. ठेवला? आता ऐका. मी एक चांगला चालता-बोलता माणूस मारला. तोही साहेबांचा बाप. तोही भर मीटिंगमध्ये, पुण्याच्या मोठ्या साहेबांच्या डोळ्यादेखत.

हसू नका, अजून सुरुवात पण नाय झाली.

तर आमच्या कंपनीचं काम म्हणजे गिऱ्हाइकाला ट्रक कुठं पोचला ते सांगायचं. दिवसभर फोन: "विलासराव, माझी गाडी कुठंय?" मी म्हणायचं, "जालन्याच्या पुढं गेली शेठ, चहाला थांबली असंल." वीस महिन्यांपूर्वी मालकानं जुनी जागा सोडली आणि नवी काही मिळेना. म्हणून हुकूम आला, घरून काम करा.

पहिला महिना काय सांगू! लुंगी नेसून नोकरी. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, बाजूला बशीत शेंगदाणे. मला वाटलं, माझ्यासारखा सुखी माणूस अख्ख्या मुकुंदवाडीत नाय.

मग हळूहळू घरात ते वाक्य सुरू झालं. "तुम्ही घरीच आहात ना?" झालं! घरीच आहात ना, मग गॅसवाला येईल तेवढं बघा. घरीच आहात ना, मग कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. शेजारच्या काकूंची पार्सलं माझ्याकडं, वरच्या मजल्यावरच्यांची किल्ली माझ्याकडं. उन्हाळ्यात तर गच्चीवरच्या पापडांच्या राखणीला मीच. एका हातात लॅपटॉप, एका हातात काठी. एकदा कावळ्याला केलेलं "हाड! हाड!" थेट एका ट्रक मालकाच्या कानात गेलं आणि त्यानं पुण्याला तक्रार केली.

त्यामुळं गारखेड्यात नवीन ऑफिस घेतल्याची बातमी आली तेव्हा मी देवासमोर साखर ठेवली. पण त्यात एक मेख होती. आम्ही माणसं चौदा आणि नव्या जागेत खुर्च्या नऊ!

आमचे नवे साहेब, शेळके, मधल्या काळातच आलेले. मी त्यांना फक्त स्क्रीनवर बघितलेलं. ते कॉलवर म्हणाले, "एक आठवडा सगळे या. मी बघतो कोण कसं काम करतं. शुक्रवारी नऊ नावं लावीन, बाकीच्यांनी घरूनच करायचं." आणि वर एक वाक्य टाकलं, "ज्यांचं ग्रुपवर लक्ष नसतं, त्यांचं कामात पण नसतं. अशांनी खुर्चीची आशा धरू नये."

इथं मी शेंगदाण्याची बशी बाजूला सारली. कारण सांगतो. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सूर्य उगवायचे. एक नाय, चौदा! प्रत्येकाचा वेगळा सूर्य, त्याखाली गुलाब, त्याखाली सुविचार. दुसऱ्याच महिन्यात मी तो ग्रुप जो म्यूट केला, तो केलाच. कामाचं असेल तर फोन येईल, हा माझा हिशोब. वर्षभर त्या ग्रुपात कोण जन्मलं, कोण रुसलं, मला पत्ता नाय.

पण मी ठरवलं. खुर्ची मिळवायची म्हणजे मिळवायची. आणि आपण ग्रुप वाचत नव्हतो हे मेलो तरी कोणाला कळू द्यायचं नाही. काहीही झालं तरी चेहरा असा ठेवायचा, की हो हो, मला माहितीये.

सोमवारी सकाळी चौदा महिन्यांनी पॅन्ट चढवली. बटण लागेना. सुनीता, माझी बायको, दारातून म्हणाली, "अहो, श्वास सोडू नका म्हणजे झालं." संध्याकाळपर्यंत श्वास सोडला नाही! सव्वानवाला ऑफिसात हजर. पहिला नंबर.

साडेनवाला साहेब आले, आणि मी बघतच राहिलो.

साहेबांचं डोकं गुळगुळीत! स्क्रीनवर दिसायचे ते दाट केस गायब. मिशी, चांगली टोकदार मिशी, ती पण गायब. सांगा, तुम्ही काय समजला असता? आपल्याकडं मिशीसकट डोकं उतरवलेला माणूस दिसला की आपण काय विचारतो? आई की वडील, एवढंच ना?

माझ्या शेजारी इम्रान भाई बसतो. जुना दोस्त. त्याला सरळ विचारलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण सरळ विचारायचं म्हणजे मी ग्रुप वाचत नाय हे कबूल करायचं. मी हळूच आडून विचारलं, "इम्रान भाई, साहेबांचं... बरेच दिवस सुट्टी होती ना?"

"हौ ना. पंधरा दिन. बाप के वास्ते सब घरवाले भाग-दौड में थे. बहुत परेशान हुए बिचारे."

पंधरा दिवस! म्हणजे तेरावं करूनच आले. वडील गेले. मी मान हलवली, "हो हो, मला माहितीये."

तरी मी घाई केली नाही बरं का. बाथरूममध्ये जाऊन ग्रुप उघडला. मागं मागं गेलो. पंधरा दिवसांपूर्वी साहेबांनी एक फोटो टाकलेला, पण तो माझ्या फोनवर उघडेना. नुसताच धूसर चौकोन. त्याच्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात. हातच हात! आणि आमच्या कांबळे मॅडमनी लिहिलेलं, "साहेब, आम्ही सगळे तुमच्यासोबत आहोत." आता अजून काय पुरावा पाहिजे? तेरा लोकांनी हात जोडले, चौदावा मी. माझे एकट्याचेच हात नव्हते. साहेबांनी ते मोजले असतील का?

मी तसाच केबिनमध्ये शिरलो.

"साहेब, आप्पांचं कळलं. बोलायला जमलं नाही तेव्हा." आप्पा हे नाव मात्र मला माहीत होतं. कॉलवर मागून आवाज यायचा त्यांचा, "आरं, चहा घेतू का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बसा विलासराव. काय सांगू तुम्हाला, डॉक्टरांनी हात टेकले होते. मी म्हटलं, आता देवाच्या मनात असेल ते."

"लई त्रास झाला का हो त्यांना?"

"शेवटचे चार दिवस तर बघवत नव्हतं. पण सुटले एकदाचे! आता ते दुखणं नाय, का ती धाप नाय."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण इथं मला खरंच रडू आलं. खुर्चीबिर्ची डोक्यातून गेली. चार वर्षांपूर्वी माझे वडील, आमचे दादा, गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी सुतकात घरी बसून कॉलवर होतो. कॅमेरा बंद करून रडत होतो आणि तोंडानं सांगत होतो, गाडी बीडच्या पुढं गेली. तेव्हाच्या साहेबानं एका शब्दानं विचारलं नव्हतं. ते सगळं तिथं, शेळके साहेबांच्या टेबलावर बाहेर आलं. मी हुंदके देऊन रडलो.

साहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "विलासराव, ऑफिसात एवढं कोणालाच वाटलं नाही हो. सगळ्यांनी नुसते हात पाठवले." मग म्हणाले, "बुधवारच्या मीटिंगमध्ये आप्पांसाठी पाच मिनिटं ठेवायची आहेत. पुण्याचे साहेब पण असतील स्क्रीनवर. तुम्ही बघाल का तेवढं?"

"ते माझ्यावर सोडा, साहेब!"

"आप्पांना लई हौस, आपल्या ऑफिसची माणसं बघायची..." एवढं बोलले आणि त्यांचा फोन वाजला. हातानंच मला 'या' केलं. मी डोळे पुसत बाहेर आलो. हौस राहूनच गेली बिचाऱ्यांची.

घरी येऊन सुनीताला सांगितलं. ती म्हणाली, "मग दुखवट्याचं काय नेलं?"

"काय न्यायचं? ऑफिस आहे ते."

"ऑफिस असलं म्हणून काय झालं? बाप सगळ्यांचा बापच असतो. रिकाम्या हातानं जातात का? टोपी-टॉवेल तरी न्या, शोभत नाही असं."

बरोबर होतं तिचं. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर गुलमंडीच्या बाजारात कापडाचं दुकान गाठलं. दुकानदारानं आधी भरजरी फेटे काढले. "लग्नाचं ना भाई?" म्हटलं, दुखवट्याचं. त्यानं फेटे गुंडाळले, जीभ चावली आणि चांगली कडक पांढरी टोपी आणि टॉवेल कागदात बांधून दिला. म्हणाला, "खुदा उनको जन्नत दे." म्हणजे बघा, तोपर्यंत आप्पांसाठी गुलमंडीत दुआ पण मागून झाली होती.

रात्री मी भाषण पाठ केलं. सुनीतानं दोन वेळा ऐकलं आणि दोन्ही वेळा पदर डोळ्याला लावला.

बुधवार. अकरा वाजता सगळे हॉलमध्ये. भिंतीवर मोठी स्क्रीन, स्क्रीनवर पुण्याचे मोठे साहेब आणि त्यांच्या मागं तिकडची आठ-दहा माणसं. आमचे शेळके साहेब मात्र नाहीत. कांबळे मॅडम म्हणाल्या, "ते हॉस्पिटलला गेलेत. चालू करा म्हणाले, तोवर येतो."

हॉस्पिटलला? मी म्हटलं, राहिले असतील काही कागद. किंवा मग त्यांना ऐकवणार नाही, म्हणून मुद्दाम गेले असतील. उलट बरंच झालं. मी उभा राहिलो.

"आजच्या मीटिंगच्या आधी," मी घसा साफ केला, "एक दुःखद गोष्ट बोलायची आहे. आपल्या शेळके साहेबांचे वडील, आपले आप्पा, आज आपल्यात नाहीत."

इम्रान ताडकन उठला. "क्या? आप्पा गए? कब?"

मला त्याचा रागच आला. सोमवारी ह्यानंच तर सांगितलं! पण कांबळे मॅडमनी तोंडावर हात घेतला. "अगं बाई! म्हणून साहेब सकाळी घाईघाईनं हॉस्पिटलला गेले! मला म्हणाले नुसतं दाखवून येतो. किती मनात ठेवतात हो ते!" आणि त्या रडायलाच लागल्या. त्यांचं बघून दोघी-तिघी रडायला लागल्या. मी मनात म्हटलं, ही माणसं पंधरा दिवसांनी आज रडतायत? मग कळलं, माझं भाषणच तसं झालं असणार!

आता मला जोर चढला. आप्पांचा चहाचा आवाज, त्यांची ऑफिस बघायची हौस, सगळं सांगितलं. पुण्याच्या मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. मी म्हटलं, "दोन मिनिटं उभं राहू या." इकडं आम्ही चौदा उभे, तिकडं पुणं उभं. सगळ्यांच्या माना खाली.

अर्धं मिनिट झालं असेल. लिफ्टचा दरवाजा वाजला. मी तिरक्या डोळ्यानं बघितलं. एक म्हातारा आत आला. धोतर, सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. दारात थांबला. आधी खूश होऊन हात हलवायला लागला, "बसा, बसा, उठताय कशाला माझ्यासाठी!" मग त्याला आमचे चेहरे दिसले, मॅडमचे डोळे दिसले. म्हातारा शहाणा. काय समजायचं ते समजला. पिशवी भिंतीशी ठेवली, टोपी काढून हातात घेतली आणि आमच्याच रांगेत, माझ्या शेजारी, मान खाली घालून उभा राहिला.

मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, परका माणूस, पण रीत पाळतो.

दोन मिनिटं झाली. म्हाताऱ्यानं टोपी घातली आणि हळूच माझ्या कानाशी लागला. "कोण वारलं हो?"

"आमच्या साहेबांचे वडील, बाबा."

"अरारारा. लई वाईट झालं. कोणचे साहेब?"

"शेळके साहेब."

म्हातारा माझ्याकडं बघायला लागला. मग स्क्रीनकडं. मग परत माझ्याकडं. "कन्नड तालुक्याचे शेळके?"

"व्हय."

"म्हंजे मीच की!"

मित्रहो, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी पॅन्टच्या बटणाची पर्वा न करता उडी मारली असती. कांबळे मॅडम खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. इम्रान "या अल्ला" म्हणून दोन पावलं मागं सरला. आणि स्क्रीनवरून पुण्याचे साहेब विचारतायत, "मिस्टर विलास, हे गृहस्थ कोण?" काय सांगू त्यांना?

पण खरी गोष्ट पुढंच आहे. दोन मिनिटं चालू असताना पुण्यातल्या कोणीतरी, स्क्रीनच्या बाजूला उभं राहून, शेळके साहेबांना मेसेज केला होता. 'वडिलांचं आत्ताच कळलं. धीर धरा.' साहेब तेव्हा खाली गाडी लावत होते. वडिलांना एक मिनिटापूर्वी स्वतः लिफ्टमध्ये बसवलेलं, आणि हा मेसेज! त्यांना वाटलं, लिफ्टमध्येच झालं काहीतरी. लिफ्ट वर अडकलेली. माणूस चार मजले जिन्यानं पळत आला. दारात आले ते धापा टाकत. समोर आप्पा उभे दिसले आणि त्यांनी आप्पांना मिठी मारली, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखी. "आप्पा... आप्पा..." एवढंच.

तिथं मला माझी लाज वाटली. खोटं नाय सांगत. हसायचं ते तुम्ही हसा, पण तो माणूस ज्या चेहऱ्यानं जिना चढून आला, तो चेहरा मी केला होता.

मग सगळं कळलं. आप्पांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. फोटो होता तो दवाखान्यातला, जोडलेले हात होते ते देवाला. आप्पा त्या दुखण्यातून सुटले म्हणून साहेबांनी तिरुपतीला जाऊन केस दिलेले, मिशीसकट. पिशवीत बालाजीचे लाडू. आप्पांचा हट्ट, की प्रसाद मी माझ्या हातानं ऑफिसात वाटणार. ती पाच मिनिटं त्यासाठी! बाप वाचला म्हणून दिलेल्या केसांवरून मी बापालाच पोचवला.

साहेब माझ्याकडं वळले. "विलासराव, ग्रुप वाचता ना तुम्ही?"

आता? 'हो हो, मला माहितीये' म्हणायची सोय राहिली होती का? मी म्हटलं, "नाय साहेब. वर्ष झालं म्यूट आहे." बोललो आणि माझी खुर्ची मला जाताना दिसली.

आप्पा मात्र माझ्या टेबलाशी पोचले होते. कागदातला पुडा उघडून बघतायत. "हे कुणाचं?"

माझी मान वर होईना. "तुमच्या दुखवट्याचं. साहेबांसाठी."

आप्पांनी आपली जुनी टोपी काढली, नवी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि खिडकीच्या काचेत बघितलं. "मापाची हाय रं! पोराला कशाला, मीच वापरतू." आणि लाडवाची पिशवी घेऊन बसले की हसायला! टाके दुखतील म्हणून छातीला हात धरून हसले. पुणं हसलं, इम्रान हसला, मॅडम रडता रडता हसल्या. साहेब तेवढे हसले नाहीत.

शुक्रवारी यादी लागली. मी बघायलाच गेलो नाही, आवराआवर करत होतो. घरी जाऊन पापड राखायची मनाची तयारी पण झालेली. इम्राननं ओढत नेलं. आठ नावं टाईप केलेली, आणि नववं खाली पेनानं लिहिलेलं. माझं!

साहेब केबिनमधून बाहेर आले. "मी घेणार नव्हतो, हे लक्षात ठेवा. आप्पा दोन दिवस जेवायला बसेनात. म्हणे, माझ्या मरणावर एवढा रडलेला दुसरा माणूस मला दाखव, मग त्याला घरी बसव. आणि हो, त्यांनी तुमचा नंबर घेतलाय."

नंबर कशाला घेतला ते शनिवारी कळलं. सकाळी सहाला मेसेज: 'विलास, आज पण आहे. आप्पा.' रविवारी: 'आज पण आहे.' आज सहा महिने झाले, रोज सहाला माझा फोन वाजतो. सुट्टी नाय, सणवार नाय. सुनीता म्हणते, म्यूट करा ना. म्हटलं, बाई, साऱ्या जगाला म्यूट करीन, ह्या एका नंबराला करायची माझी टाप नाय.

मागच्या मंगळवारी काय झालं माहितीये? सहा वाजले, मेसेज नाय. साडेसहा, नाय. सात वाजता फोन लावला तर बंद. तोंड न धुता स्कूटर काढली आणि थेट आप्पांच्या दारात. बेल दाबतच राहिलो.

दार आप्पांनीच उघडलं. डोक्यावर माझीच टोपी. फोन चार्जिंगला लावायचा राहिला होता, एवढंच. माझा पांढराफटक चेहरा बघून त्यांच्या सगळं लक्षात आलं. घाईघाईनं माझा हात धरला आणि विचारलं,

"आजून कुणाला कळवलं तर नाय ना रं?"